ठिणग्यांआडचा धूर

वेल्डिंगचा झगमगाट सर्वांना दिसतो आणि सारे त्यापासून नजर वळवितात. त्याच्यासोबत उठणाऱ्या निळसर धुराकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. हा धूर कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा जागतिक तज्ज्ञांनी २०१७ मध्ये दिला. गल्लोगल्लीच्या फॅब्रिकेशन दुकानांपासून मोठ्या गोद्यांपर्यंत हजारो कामगार तो दररोज छातीत घेतात. त्याच्या परिणामांची आणि प्रतिबंधाची ही माहिती.

खिडकीची ग्रिल, सोसायटीचे फाटक, गच्चीवरची पत्र्याची शेड, बसचा सांगाडा, दुधाचा टँकर, उड्डाणपुलाचा गर्डर. शहरातील बहुतेक लोखंडी सांध्यांमागे कोणीतरी तासन् तास वाकून धरलेला वेल्डिंगचा रॉड असतो. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १ कोटी १० लाख कामगार वेल्डर म्हणून काम करतात. शिवाय आणखी सुमारे ११ कोटी कामगार वेल्डिंगशी संबंधित कामांमुळे अथवा शेजारी काम केल्यामुळे या धुराच्या संपर्कात येतात. आपल्याकडे आयटीआयमध्ये एका वर्षाच्या अभ्यासक्रमात हे कौशल्य शिकविले जाते. परंतु कित्येकजण ते उस्तादाच्या हाताखाली गाळ्यातच शिकतात आणि धुराची सवयही तेथेच लावून घेतात.

धूर येतो कोठून?

विद्युत ठिणगीचे म्हणजेच आर्कचे तापमान काही हजार अंश सेल्सियस असते. लोखंड १५३८ अंशांना वितळते आणि सुमारे २८६० अंशांना उकळते. आर्कमध्ये धातूचा काही भाग अक्षरशः उकळून त्याची वाफ होते. ही वाफ हवेत येताच थंड होते, प्राणवायूशी संयोग पावते आणि तिचे अतिसूक्ष्म कण बनतात. दिसणारा धूर तो हाच. यातील बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. माणसाचा केस साधारणपणे ५० ते १०० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या कणांच्या आकाराची कल्पना येईल. नाकातील केस व श्वासनलिकेतील चिकट स्राव यांना चुकवून ते थेट फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

धूर मुख्यतः जोडल्या जाणाऱ्या लोखंडातून येतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग वितळणाऱ्या रॉडमधून अथवा तारेतून येतो. त्यामुळे कोणता रॉड वापरला, यावर धुरातील घटक ठरतात. साध्या पोलादाच्या धुरात लोहाचे ऑक्साइड सर्वाधिक असते. त्यासोबत मँगनीज आणि सिलिका असतात. गाळ्यात ‘७०१८’ या आकड्याने ओळखल्या जाणाऱ्या लो-हायड्रोजन रॉडच्या लेपातून फ्लोराइडही बाहेर पडते. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम व निकेल, तर गॅल्व्हनाइज्ड पाइपच्या धुरात जस्त असते. लोखंडावर जुना रंग, तेल वा ग्रीस असेल, तर त्यांचे जळके वायूही यात मिसळतात.

रात्रीचा ताप

जस्त ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे खालचे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी पाइपवरच्या जस्ताचा मुलामा वाफ होऊन उडून जातो. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर दिवसभर काम केलेल्या कामगाराला संध्याकाळी घशात कोरड पडते आणि तोंडाला धातूची चव येते. काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, डोके दुखते. सकाळपर्यंत घाम येऊन ताप उतरतो. एक-दोन दिवसांत माणूस पूर्ववत होतो. वैद्यकशास्त्रात याला ‘मेटल फ्यूम फीव्हर’ अर्थात धातुधुराचा ताप म्हणतात. पितळ ओतणाऱ्या कारागिरांमध्ये तो एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे.

या तापाचे एक वैशिष्ट्य आहे. सलग काही दिवस धुरात काम केले की शरीर सरावते आणि ताप येणे थांबते. रविवारच्या सुटीत हा सराव मोडतो आणि सोमवारी ताप पुन्हा उलटतो. म्हणूनच तो ‘सोमवारचा ताप’ या नावानेही ओळखला जातो. आपल्याकडे तो बहुधा हवापालटाचा वा मलेरियाचा ताप समजून अंगावर काढला जातो. दूध प्यायल्याने अथवा गूळ खाल्ल्याने धूर ‘उतरतो’ असा समजही सर्वत्र आहे. अनेक ठिकाणी मालकच गूळ वाटतात. मात्र श्वासावाटे फुप्फुसात गेलेले धातूचे कण अन्ननलिकेतून जाणाऱ्या दुधाने वा गुळाने बाहेर पडत नाहीत.

जस्ताचा ताप स्वतःहून बरा होतो, हे खरे. पण याच लक्षणांनी सुरू होणारे एक दुखणे प्राणघातक ठरू शकते. ते म्हणजे कॅडमियमचे. चांदीमिश्रित डाकात किंवा मुलाम्यात कॅडमियम असल्यास त्याची वाफ आणखी कमी तापमानाला, ७६७ अंशांना होते. ‘केडीएम’ नावाने सराफ बाजारात परिचित असलेल्या दागिन्यांचा डाकही कॅडमियमचाच असे. हा धूर फारसा झोंबत नाही. त्यामुळे कारागीर काम सुरूच ठेवतो. काही तासांनी ताप व खोकला येतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत फुप्फुसांना सूज येऊन पाणी साठू शकते. धुरात काम केल्यानंतर आलेल्या तापासोबत धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

डोळ्यांत वाळू

धुराइतकाच आर्कचा अतिनील प्रकाशही घातक. काळ्या काचेशिवाय क्षणभर आर्ककडे पाहिले तरी बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजून निघतो. त्रास लगेच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवण्याचा वा कच्चे दूध घालण्याचा उपाय सर्रास केला जातो. गारव्याने बरे वाटत असले तरी डोळ्यांत दूध घातल्याने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. हा त्रास सामान्यतः एक-दोन दिवसांत बरा होतो. मात्र वेल्डिंगच्या अतिनील किरणांमुळे डोळ्यांतील मेलानोमा हा कर्करोग होऊ शकतो, हेही सिद्ध झाले आहे. हेल्परला अनेकदा काळी काच मिळतच नाही. पदपथावर वेल्डिंग करणाऱ्या दुकानासमोरून जाणारी शाळकरी मुलेही कुतूहलाने आर्ककडे पाहतात. साध्या पडद्याच्या आडोशाने हे टाळता येते.

फुप्फुसातील लोखंड

ब्रिटनमधील डॉइग व मॅक्लॉगलिन या डॉक्टरांनी १९३६ मध्ये वेल्डरांच्या छातीच्या एक्स-रे चित्रांत बारीक ठिपके असल्याचे नोंदविले. हे ठिपके म्हणजे फुप्फुसात साठलेले लोहाचे कण. या अवस्थेला सिडेरोसिस म्हणतात. काम सोडलेल्या काही वेल्डरांच्या फुप्फुसांतील ठिपके पुढे पुसट होत गेल्याचेही त्यांना आढळले. एक्स-रेमधील असे ठिपके क्षयरोगाचे समजले जाण्याची शक्यता आपल्या देशात मोठी आहे. रुग्ण काय काम करतो, हे डॉक्टरांना ठाऊक असेल तरच हा घोटाळा टळतो.

सिडेरोसिस तुलनेने सौम्य असला तरी वर्षानुवर्षांच्या धुराचे इतर परिणाम तसे नाहीत. जुनाट खोकला, श्वासनलिकेचा दाह, दमा आणि श्वासमार्ग कायमचा अरुंद करणारा सीओपीडी हे विकार वेल्डरांमध्ये आढळतात. धूम्रपान करणाऱ्यांना त्यांचा तडाखा अधिक बसतो. न्यूमोनियाचे उदाहरण विशेष बोलके आहे. इंग्लंड व वेल्समधील मृत्यूनोंदींच्या अभ्यासात वेल्डरांमध्ये न्यूमोनियाने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. मात्र हा वाढीव धोका निवृत्तीच्या वयापुढील वेल्डरांमध्ये दिसला नाही. म्हणजे धूर थांबला की हा धोकाही ओसरतो. या पुराव्यांनंतर ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने धातूच्या धुरात नियमित काम करणाऱ्यांसाठी न्यूमोकोकल लसीचा विचार करण्याची शिफारस केली.

मँगनीज आणि मेंदू

नागपूर-भंडारा पट्ट्यातील खाणींतून निघणारे मँगनीज पोलादाला कणखरपणा देते. वेल्डिंगच्या रॉडमध्येही ते असतेच. मँगनीज लोखंडापेक्षा सुमारे ८०० अंश आधीच उकळत असल्याने पोलादातील प्रमाणाच्या मानाने धुरात ते अधिक उतरते. अन्नातून पोटात गेलेले जादा मँगनीज यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून आलेले मँगनीज मात्र यकृताला वळसा घालून रक्तावाटे मेंदूत पोहोचू शकते. तेथे ते हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागात साठते.

ग्लासगो येथे मँगनीजचे खनिज दळणाऱ्या कामगारांमधील या विकाराचे वर्णन कूपर यांनी १८३७ मध्ये केले. या कामगारांचे पाय कमजोर झाले होते, चाल बदलली होती आणि आवाज खोल गेला होता. पुढे या विकाराला मँगनिझम हे नाव मिळाले. सुरुवात चिडचिड, निद्रानाश, विसराळूपणा यांनी होते. घरच्यांना वाटते, माणसाचा स्वभाव बदलला. पुढे हातांना कंप सुटतो, चेहरा भावशून्य होतो, पावले अडखळतात. ही लक्षणे पार्किन्सनच्या आजारासारखी भासतात. परंतु मेंदूतील बाधित भाग काहीसा वेगळा असतो आणि पार्किन्सनवरील नेहमीच्या लेव्होडोपा या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. झालेली हानी बहुधा भरून येत नाही.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजच्या पूर्व भागाच्या पुनर्बांधणीत २००३-०४ दरम्यान वेल्डरांना खांबांच्या पोकळ नळ्यांच्या आत उतरून काम करावे लागले. हवा खेळती ठेवण्याची सोय अपुरी होती. त्यांपैकी ४३ जणांच्या तपासणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. कंप, थकवा, झोपेच्या तक्रारी, मनःस्थितीतील बदल, स्मरणशक्तीतील घट अशी लक्षणे त्यांच्यात आढळली आणि मँगनीजच्या मात्रेशी त्यांचा संबंध दिसून आला. या कामगारांनी त्या पुलावर काम केले होते ते जेमतेम सव्वा-दीड वर्ष. पुढे २०१७ मध्ये अमेरिकेतील ८८६ कामगारांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त धुराशी संपर्क जितका अधिक, तितकी पार्किन्सनसदृश लक्षणांची वाढ अधिक, असे त्यात आढळले. कायदेशीर मर्यादेच्या आतील मात्रेतही हे घडत होते, ही त्यातील चिंतेची बाब.

स्टेनलेसची चकाकी, शिशाचा रंग

हॉटेलांची स्वयंपाकघरे, औषध कारखाने आणि दुग्धप्रकल्प यांना स्टेनलेस स्टील लागते. त्याच्या वेल्डिंगमध्ये क्रोमियमचे षट्संयुजी रूप तयार होते. ते नाकाच्या पडद्यावर व त्वचेवर व्रण निर्माण करते, दमा उद्भवू शकतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगासही ते कारणीभूत ठरते. निकेलची संयुगेही कर्करोगकारक आहेत. हाताने चालविल्या जाणाऱ्या रॉडच्या वेल्डिंगमध्ये षट्संयुजी क्रोमियम जास्त, तर टिग पद्धतीत बरेच कमी निर्माण होते. तथापि टिगमध्ये ओझोन वायू तयार होतो. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाल टोकाच्या टंगस्टन इलेक्ट्रोडमध्ये किरणोत्सारी थोरियम असते. तो घासताना उडणारी भुकटी श्वासात जाता कामा नये. लँथेनम वा सेरियमयुक्त इलेक्ट्रोड हा त्याला पर्याय आहे.

गॅस कटिंगमध्ये वेगळा धोका असतो. जुन्या पुलांवर व जहाजांवर गंज रोखण्यासाठी शिसेयुक्त रंगाचे थर दिलेले असत. असे लोखंड कापताना शिशाची वाफ होते. जुनी जहाजे फोडण्याचे काम मुंबईच्या दारूखान्यात दशकानुदशके चालत आले. पोटदुखी, रक्तक्षय, हातापायांतील कमजोरी ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे. कामाच्या कपड्यांवरून शिशाची धूळ घरी जाते आणि लहान मुलांना त्याची बाधा मोठ्यांपेक्षा अधिक होते.

कर्करोगाचा निर्वाळा

आंतरराष्ट्रीय संस्थेने यापूर्वी वेल्डिंगच्या धुराला ‘संभाव्य कर्करोगकारक’ या गटात ठेवले होते. २०१७ मध्ये तो पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारक पदार्थांमध्ये, समाविष्ट झाला. फुप्फुसाच्या कर्करोगाबाबतचा पुरावा पुरेसा, तर मूत्रपिंडाच्या कर्करोगाबाबतचा मर्यादित ठरविण्यात आला. विशेष म्हणजे हा निष्कर्ष स्टेनलेस स्टीलपुरता मर्यादित नाही. साध्या लोखंडाचा धूर निरुपद्रवी, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

गटाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावयास हवा. पहिला गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचे प्रमाण सांगत नाही. तंबाखूचा धूर याच गटात असला तरी दोहोंचा धोका सारखा नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात वेल्डरांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाची जोखीम इतरांच्या तुलनेत ४३ टक्के अधिक दिसली. धूम्रपान व ॲस्बेस्टॉसचा परिणाम वगळल्यावर ती १७ टक्के अधिक राहिली. तरीही कोट्यवधी कामगारांचा विचार करता ही वाढ किरकोळ म्हणता येत नाही. ब्रिटनने फेब्रुवारी २०१९ मध्ये साध्या पोलादासह सर्व वेल्डिंगसाठी धूर खेचण्याची यंत्रणा अथवा योग्य श्वसनसाधन अनिवार्य मानण्यास सुरुवात केली. केवळ दारे-खिडक्या उघड्या असणे पुरेसे नाही, असेही स्पष्ट केले.

बंदिस्त जागेतील सापळा

टाकी, बॉयलर, जहाजाचा तळ अशा ठिकाणी धुराआधी वायूच जीव घेऊ शकतो. आर्गॉन हवेपेक्षा जड आहे. त्याला वास नाही, रंग नाही. टाकीच्या तळाशी तो साचला की प्राणवायू कमी होतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात होणाऱ्या वेल्डिंगमध्ये कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेला भाग न वाळविता वेल्डिंग केल्यास फॉस्जीन हा अत्यंत विषारी वायू निर्माण होऊ शकतो. हवा ‘ताजी’ करण्यासाठी टाकीत सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडणे हा तर आत्मघातच. त्यामुळे कपडे ठिणगीसरशी पेट घेतात. पडलेल्या सहकाऱ्याला वाचविण्यासाठी साधनाशिवाय आत उतरणाराही बळी पडतो.

धूर अडवायचा कसा?

तोंडाला बांधलेला रुमाल हा गाळ्यातील सर्वात लोकप्रिय उपाय. एक मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यातून सहज आरपार जातात. शस्त्रक्रियेचा मास्कही यासाठी बनविलेला नाही. धूर जेथे निर्माण होतो तेथेच तो खेचून घेणे हा खरा उपाय. आर्कपासून सुमारे एक फुटाच्या आत ठेवलेले धूर खेचणारे तोंड बहुतांश धूर चेहऱ्यापर्यंत येऊच देत नाही. भिंतीवरचा एक्झॉस्ट फॅन नेहमी तेवढे काम करीत नाही. कित्येकदा तो एकाचा धूर दुसऱ्याच्या नाकासमोरून ओढून नेतो.

पैसा न लागणारे उपायही आहेत. वाऱ्याची दिशा पाहून बाजूला उभे राहावे. डोके धुराच्या लोटात न घालता काम फिरवून घ्यावे. जोडाच्या दोन्ही बाजूंचा रंग, तेल व जस्ताचा मुलामा आधीच काढावा. तो घासताना उडणारी धूळही श्वासात जाऊ देऊ नये. गरजेपेक्षा जास्त अँपिअर ठेवू नयेत, कारण करंट वाढला की धूरही वाढतो. मास्क वापरावयाचा तर तो किमान एन-९५ वा एफएफपी-२ दर्जाचा असावा आणि चेहऱ्यावर घट्ट बसावा. दाढीमुळे फट राहते. असा मास्क कण अडवितो, वायू नव्हे. काळ्या काचेची ढाल डोळे वाचविते, फुप्फुसे वाचवीत नाही. जेवणापूर्वी हात धुणे आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळणे हेही तितकेच महत्त्वाचे.

कायदा आणि गाळा

१९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत वेल्डिंगच्या धुरासाठी आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ५ मिलिग्रॅमची मर्यादा होती. मँगनीजच्या धुरासाठी ती १ मिलिग्रॅम होती. अमेरिकेतील औद्योगिक स्वास्थ्यतज्ज्ञांच्या संघटनेने श्वासात खोलवर जाणाऱ्या मँगनीजसाठी २०१३ मध्ये सुचविलेली मर्यादा ०.०२ मिलिग्रॅम आहे. म्हणजे पन्नास पटींनी कमी. दोन्ही मोजमापे तंतोतंत सारखी नसली तरी शास्त्र किती पुढे सरकले आहे, हे त्यावरून कळते.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि जुना कारखाना अधिनियम तिच्यात विलीन झाला. ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करणे तिने मालकावर बंधनकारक केले आहे. मँगनीज व शिशाची विषबाधा आढळल्यास तिची खबर यंत्रणेला देणे उपचार करणाऱ्या डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. मात्र ही संहिता सर्वसाधारणपणे दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी लागणारी कामगारसंख्याही दहावरून वीस झाली आहे. ग्रिल बनविणाऱ्या गाळ्यात मालक धरून तीन-चार माणसे असतात. तेथे ना तपासणी होते, ना हवेचे मोजमाप. कर्मचारी राज्य विमा योजनेत व्यावसायिक आजारांसाठी लाभ आहेत, पण तेथेही हजेरीपटावर नाव असावे लागते.

परिणामी हा आजार कामाच्या खात्यावर जमाच होत नाही. ताप मलेरियाच्या नावावर, ठिपके क्षयाच्या नावावर, धाप बिडीच्या नावावर आणि कंप वयाच्या नावावर जातो. इटालियन वैद्य बर्नार्डिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये व्यावसायिक आजारांवरील आपल्या ग्रंथात डॉक्टरांना एक सल्ला दिला होता. रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावे. तीनशेहून अधिक वर्षांनंतरही या प्रश्नावाचून वेल्डरच्या आजाराचे निदान पुरे होत नाही.

चौकट : डॉक्टरांना काय सांगावे?

– किती वर्षांपासून वेल्डिंग अथवा कटिंग करता. हेल्पर म्हणून काढलेली वर्षेही धरावीत.
– कोणता धातू जोडता : साधे लोखंड, स्टेनलेस, गॅल्व्हनाइज्ड की ॲल्युमिनियम. शक्य असल्यास रॉडच्या पुड्याचे वेष्टन सोबत न्यावे.
– काम उघड्यावर, गाळ्यात की टाकीत चालते; धूर खेचण्याची सोय आहे काय.
– सुटीच्या दिवसांत त्रास कमी होतो काय आणि कामावर रुजू होताच वाढतो काय.
– हातांचा कंप, चालीतील बदल, चिडचिड, विसरभोळेपणा घरच्यांना जाणवला आहे काय.
– विडी, सिगारेट वा तंबाखूचे व्यसन. ते लपवू नये; सोडल्यास फुप्फुसांवरील निम्मा भार हलका होतो असे नाही, पण धुराच्या जोडीला येणारी हानी निश्चितच टळते.
– छातीचा एक्स-रे व फुप्फुसांची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री चाचणी यांचे जुने अहवाल जपून ठेवावेत. पुढे तुलनेसाठी आणि भरपाईच्या दाव्यासाठी तोच पुरावा ठरतो.